अकरावा मर्गट्रॉइड

१४ मे

डॅडनी आज बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता मला संघाची चिटणीस करून टाकलं. विचारलं वगैरे नाही. "यंदा सामना होणार. अकरा माणसं तू गोळा करायचीस," म्हणाले आणि मटार मागितले.

सामना म्हणजे आमच्या ओव्हरशॉ गावचा क्रिकेटचा, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारचा. एका बाजूला अकरा मर्गट्रॉइड, दुसऱ्या बाजूला अकरा ग्रीनवूड. उसना खेळाडू चालत नाही. एक जरी कमी पडला तरी सामना नाही. ग्रीनवूडांना काय, या खोऱ्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी ग्रीनवूडालाच लागेल. आटलोय ते आम्ही. गेली दोन वर्षं आमचे आठच्या वर भरले नाहीत. यंदाही नाही भरले तर क्लब तो रविवार कायमचा कुत्र्यांच्या प्रदर्शनाला देणार आहे.

"डॅड, माणसं आहेत कुठे?"

"इंग्लंडात आहेत. शोध."

या वयात, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांना अचानक हे काय सुचलं कळत नाही. गेली दोन वर्षं तर सामन्याचं नाव काढत नव्हते. काल पबमधून आले ते शीळ घालतच. तिथे डंकन ग्रीनवूड भेटला होता म्हणे, त्यांचा कप्तान. त्यानं काहीतरी टोमणा मारला असणार.

नावाचं खूळ तसं त्यांना पहिल्यापासून. त्या खुळापायीच त्यांनी नऊ वर्षं स्टुअर्टशी, माझ्या धाकट्या भावाशी, बोलणं टाकलंय. त्यानं बेथ ग्रीनवूडशी लग्न केलं त्याचं काही नव्हतं. बेथ डॅडना आवडायची. पण लग्नात त्यानं तिचं आडनाव घेतलं. स्मिथ, जोन्स असलं काही घेतलं असतं तर डॅडनी एखादे वेळी गिळलंही असतं. पण ग्रीनवूड! त्या दिवशी चर्चमधून ते घरी आले, सुटाचा कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "संपलं." तेव्हापासून स्टुअर्ट नदीपलीकडे आणि आम्ही अलीकडे. त्याच्या घराचं धुराडं आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसतं. डॅड भांडी मात्र नेमानं स्वतः घासतात.

मला सामन्याचं काही पडलेलं नाही. ही दोन माणसं एकदा तरी एकमेकांशी बोलावीत, डॅड आहेत तोवर, एवढंच मला हवंय. आणि मी करत्येय काय, तर नेमकी त्या आडनावाची फौज उभी करत्येय.

२ जून

ग्रंथालयातल्या बाईंनी संगणकावर नकाशा काढून दिला. जिथे जिथे मर्गट्रॉइड राहतात तिथे तिथे ठिपका. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, कीथली, या भागात गोवर उठल्यासारखे ठिपके. डोंगरापलीकडे लँकाशरमध्ये थोडे. मग खाली दक्षिणेला कुठेतरी एखादा, रंगवताना कुंचला झटकला गेल्यासारखा. बाकीचे कॅनडा नि ऑस्ट्रेलियाला. लोकरीच्या गिरण्या बंद पडत गेल्या तशी माणसं कामामागे गेली, पण बहुतेक जण गाडीनं तासाभराच्या अंतरावरच थबकलेत. याला मातीची ओढ म्हणावं की आळस, मला ठरवता येईना.

आता फोन. लीड्सच्या एक बाई म्हणाल्या, "अगं, साठ वर्षं मी हे नाव लोकांना दोनदोनदा सांगतेय. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. आणि सांगितलं की हसतात. आता त्याच्यासाठी उन्हात धावू पण?" कॉर्नवॉलचा एक गुरांचा डॉक्टर मात्र खूश झाला. हे नाव मूळचं कॉर्नवॉलचंच, असं त्यानं मला ठासून सांगितलं, त्याचे आजोबा तिथलेच होते म्हणून. मी वाद घातला नाही. येतो म्हणालाय.

माझा धंदाही कामाला येतो. मी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे पाय बघते. नखं, कुरुपं, भेगा. पाय दुसऱ्याच्या मांडीवर असताना माणूस सहसा नाही म्हणत नाही. नॉर्मन मर्गट्रॉइड, वय सत्तर, आज म्हणाला, "हे कुरूप काढून देत्येस ना? मग यष्टीमागे उभा राहतो. पण वाकणार नाही."

लिहून घेतलं.

१८ जून

नावाचा अर्थ शोधायला गेले आणि घरात भांडण लावून बसले.

इथल्या नावांतलं 'रॉइड' म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जमीन, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. पुढचं डॅड सांगत आलेत : माळरानाकडे जाणाऱ्या वाटेवरची मोकळी जमीन. हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीच्या बाजूला कुठेतरी ती होती, आता कुणाला दाखवता येत नाही. चौदाव्या शतकातल्या कागदांत तिथल्या एका शिपायाचं हेच नाव आहे, तो आमचा मूळ पुरुष, असं डॅड त्याच्याशी कालच बोलून आल्यासारखं सांगतात.

पण ग्रंथालयातल्या जाड कोशात वेगळंच होतं. वाट नाही नि माळ नाही. मार्गारेटची मोकळी जमीन!

"कोण मार्गारेट?" डॅड म्हणाले.

"ते नाही लिहिलेलं."

"बाईच्या नावावरून नाही पडत आडनावं."

"पडलं असेल तर?"

"तर कोश चुकलाय." आणि ते कोबीला पाणी घालायला निघून गेले.

मी मात्र दिवसभर त्या मार्गारेटचाच विचार करत होते. विधवा असेल का? की नवरा आळशी? पाचर ठोकून खोडं उपटताना तिचे हात कसे झाले असतील? आणि मग सहाशे वर्षं बापयांनी तिचं नाव एकमेकांच्या हाती दिलं, आणि बायकांनी लग्नात काढून ठेवलं. मीही ठेवलं होतं. कॉलिनशी लग्न केलं आणि अकरा वर्षं मी पिकरिंग होते. कुणी 'संपलं' म्हटलं नाही. उलट डॅडनी केक आणला, तीन मजली. घटस्फोटानंतर मी नाव परत घेतलं तेव्हा म्हणाले, "बरं केलंस," जसं काही मी विसरलेली छत्री घेऊन आले.

अर्थात एक खरं. मी पिकरिंग असताना सामन्यात खेळता यावं म्हणून त्यांनीच क्लबशी भांडून नियम बदलून घेतला होता. आज लावतो ते नाव चालेल, नाहीतर जन्माचं चालेल. तेव्हापासून आमच्याकडून लग्न झालेल्या मुली खेळतात. स्टुअर्टच्या बाबतीत तोच माणूस इतका दगड कसा होतो?

१ जुलै

भयंकर बातमी. स्टुअर्ट यंदा ग्रीनवूडांकडून खेळणार आहे.

डंकन ग्रीनवूडकडून कळलं. तो बॉयलर बघायला आला होता. गेल्या पंधरवड्यातली ही तिसरी खेप. बॉयलरला काही झालेलं नाही असं तोच दर वेळी सांगतो, मग चहा घेतो, मग आमचे किती जमले ते विचारतो. हेर आहे. आज निळा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, नळाखाली झोपायला!

"स्टुअर्ट आमच्याकडून गोलंदाजी करतोय," तो म्हणाला. "मी मागेच लागलो होतो त्याच्या. इतकी वर्षं या सामन्याच्या दिवशी तो गावाबाहेर जायचा. मी म्हटलं, किती दिवस पळशील?"

"डॅडना कळलं तर ते सामनाच मोडतील!"

डंकननं कप खाली ठेवला. "लोर्ना, तुला असं वाटतं?"

"मी ओळखते त्यांना. तू शपथ घे, त्यांना सांगणार नाहीस."

"आता नाही सांगणार," म्हणाला. आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला.

९ जुलै

डॅड : "त्यांचा नवा गोलंदाज कोण आहे म्हणे?"

मी पाण्याचा पेला उचलला. "असेल कुणीतरी. प्लंबर आहे वाटतं."

"प्लंबर का."

"हो."

"डावखुरा?"

स्टुअर्ट डावखुरा आहे. "मला कसं माहीत असणार, डॅड?"

"बरं, बरं." आणि उठून माळ्यावरून बॅट काढली, जवसाच्या तेलानं पुसायला बसले. वाचले!

पण मग चहा पिताना म्हणाले, "डावखुऱ्याचा चेंडू उशिरा आत येतो. आपण पाय पुढे टाकायला हवा." या वयात त्यांच्या मनात क्रिकेटशिवाय दुसरं काही नाही याचं मला हसूही येतं आणि रागही.

२३ जुलै

दहा झाले! ब्रॅडफर्डच्या डॉक्टर नसरीन मर्गट्रॉइड मिळाल्या. तिशीतली पोर, आई मूळची लाहोरची, वडील कीथलीचे. फोनवर म्हणाली, "माझं पाळण्यातलं नाव ऐकून लोक गोंधळतात, आडनाव ऐकून हसतात. दोन्ही एकदम वापरता येईल असं ठिकाण मला आजवर मिळालं नव्हतं." विद्यापीठाकडून खेळलेली आहे. डॅडनी आज तिची फलंदाजी पाहिली आणि टोपी काढली. तिनं विचारलं, "सर, मी खरी मर्गट्रॉइड दिसते का?" डॅड म्हणाले, "पोरी, तू ज्या तऱ्हेनं कट मारतेस, त्या तऱ्हेनं आमच्यात कुणी दिसलेलंच नाही. आता तू ठरवशील ते खरं."

असं इतक्या सहज बोलतात. सख्ख्या मुलाशी नाही.

दहावा म्हणजे कॅनडाहून आलेला चेट, पूर्वजांचं गाव बघायला आलाय. बेसबॉल खेळतो. चेंडू मारला की बॅट फेकून देतो आणि सुटतो. नॉर्मनच्या नडगीवर बसली. "कुरूप काढलंस आणि हे दिलंस," नॉर्मन मला म्हणाला.

डॅड स्वतः अकरावे. म्हणजे भरले!

२० ऑगस्ट

आज पुकाऱ्याची तालीम. नाणेफेकीआधी दोन्ही कप्तान खेळपट्टीवर उभे राहतात आणि आपापल्या खेळाडूला पूर्ण नावानं मोठ्यानं हाक मारतात. तो "आहे!" म्हणतो आणि सीमारेषेची दोरी ओलांडतो. पुकारल्याशिवाय दोरी ओलांडली तर तो खेळाडू नाही. अकरा वेळा मर्गट्रॉइड, मर्गट्रॉइड ऐकून चेट म्हणाला, "आमच्या गावात हे नाव उच्चारायचं तर मला आरशासमोर उभं राहावं लागतं." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कॅनडाची माणसं हळवी.

संध्याकाळी चोरून स्टुअर्टकडे गेले. तो अंगणात एकटाच कोठाराच्या दारावर चेंडू टाकत होता.

"येऊ नकोस ना त्या दिवशी," मी म्हटलं. "आजारी पड. त्यांनी तुला तिकडच्या रांगेत बघितलं तर काय होईल?"

"बघू देत. नऊ वर्षं ते मला रस्त्यात बघतात, लोर्ना. मान वळवतात. खेळपट्टीवर मान वळवली तर त्रिफळा उडेल."

"तू हट्टी आहेस."

"कुणावर गेलो असेन?"

मग चेंडू पँटला पुसत म्हणाला, "मी नाव टाकलं नव्हतं गं. बेथच्या घरात ती शेवटची होती, भाऊ नाही, कुणी नाही. तिचे वडील आजारी होते. मला वाटलं, आपल्याकडे डॅड आहेत, नाव उभं आहे, त्याला काय होतंय. हे सांगायला गेलो तर त्यांनी कोट खुंटीला लावला."

मला हे ठाऊकच नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

२७ ऑगस्ट

बूटही न काढता लिहायला बसलेय.

सकाळी आमच्या अकरातल्या एकाचा, कीथलीच्या डेरेकचा, फोन. बायकोला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. येऊ शकत नाही. डॅडना सांगितलं तर म्हणाले, "येणाऱ्या पोराला म्हणावं, तुला बारावा धरलाय." पण चेहरा उतरला. आम्ही दहाच.

मैदानावर अख्खं गाव. हॅम सँडविचेसचे डोंगर, पाद्रीण ॲलिसन पंचाच्या पांढऱ्या कोटात. त्यांचं आडनाव थॉम्प्सन, म्हणून तटस्थ. दोरीच्या पलीकडे तेरा ग्रीनवूड पांढऱ्या कपड्यांत उभे, आणि त्यांच्यात स्टुअर्ट. डॅडनी त्याला पाहिलं. मी त्यांचा हात धरायला धावले, तर ते शांत. माझ्याच हातावर थोपटलं.

डंकन डॅडकडे आला. "विल्फ, आमच्याकडे दोन जास्त आहेत. स्टुअर्ट जन्मानं तुमचा. नियमात बसतं. घ्या त्याला, सामना होऊ द्या."

मी स्टुअर्टकडे पळाले. त्याचा चेहरा पांढराफटक. "त्यांनी पुकारलं तर येईन," म्हणाला. "मर्गट्रॉइड म्हणून येईन. आजच्या दिवसापुरता."

देवा, मला वाटलं, झालं! असं होणार होतं तर! डॅडना फक्त एक हाक मारायची होती आणि नाव, सामना, मुलगा, सगळंच पदरात पडणार होतं.

डॅड खेळपट्टीवर गेले. एकेक पुकारत गेले. नॉर्मन. नसरीन. चेट. गुरांचा डॉक्टर. मी. आम्ही दहा आत. मग ते थांबले. सँडविचेस खाणारेही थांबले. डॅडनी घसा खाकरला आणि खोरं दुमदुमेल अशी हाक मारली :

"स्टुअर्ट ग्रीनवूड!"

एवढ्या लोकांसमोर, तो स्वतःहून यायला तयार असताना, त्याला झिडकारलं! मला ओरडावंसं वाटलं. पण दोरीपाशी स्टुअर्ट ताठ उभा होता, आणि त्याचा आवाज फाटला तरी त्यानं ओ दिली.

"आहे!"

"मग उभा काय राहिलास? त्यांच्यात जा. त्यांचा गोलंदाज आहेस तू."

पाद्रीण म्हणाल्या, "पण विल्फ, मग तुमचे दहाच."

"दहाच. डंकन, दहांशी खेळायची तुमची तयारी आहे?"

"नियम, विल्फ..."

"नियम मीच बदलला होता एकदा, मुलीसाठी. परत बदलतो. हरकत असेल त्यानं हात वर करा."

कुणीच केला नाही. फक्त कुत्र्यांच्या प्रदर्शनवाल्या मिसेस हॉर्नने केला होता, तो तिच्या बहिणीनं खाली ओढला.

स्टुअर्ट माझ्या अंगावरून गेला तेव्हा मी म्हटलं, "मनावर घेऊ नकोस, म्हातारा आहे." तो हसत होता, गाल ओले, नाक पुसत. "लोर्ना, वेडी आहेस का? ऐकलंस ना ते काय म्हणाले? इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव उच्चारलंय का एकदा तरी?"

मी तिथेच उभी राहिले. नसरीननं मला माझ्या जागेवर ढकललं.

पुढचं लवकर सांगते. ग्रीनवूडांनी खूप धावा केल्या. नसरीननं एकटीनं निम्म्या फेडल्या. चेटनं चौकार मारला आणि बॅट पाद्रीणीच्या दिशेनं फेकली. शेवटी डॅड उतरले, आणि चेंडू स्टुअर्टच्या हातात.

पहिला चेंडू त्यानं अगदी अलगद टाकला, म्हाताऱ्याला टाकतात तसा. डॅडनी तो मारलाच नाही. बॅट खाली ठेवून उभे राहिले.

"हे काय?"

स्टुअर्टनं चेंडू पँटला पुसला.

"तुला विचारतोय. दारावर टाकतोस तेव्हा आवाज माझ्या मोरीत येतो. तसा टाक."

पुढचा चेंडू उशिरा आत आला. डॅडनी पाय पुढे टाकला, फार पुढे. पॅडवर थाप बसली. अकरा ग्रीनवूड ओरडले आणि पाद्रीणीचं बोट वर गेलं. पायचीत. सामना संपला.

"बाहेर जात होता!" डॅड.

"मधल्या यष्टीवर होता, डॅड," स्टुअर्ट.

"बाहेर!"

"मधल्या!"

बायका चहा ओतायला लागल्या तरी ते दोघे तिथेच उभे, बोटानं जमिनीवर रेघा ओढत. मला कुणाला सांगावं कळेना, म्हणून डंकनला सांगितलं. "डॅडना माहीत होतं, ना? मे महिन्यापासून?"

"मीच सांगितलं होतं पबमध्ये. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की खेळणार का म्हणून. मग ग्लास अर्धा टाकून उठले." मग डंकन टोपी हातात फिरवत म्हणाला, "उद्या येऊ का? बॉयलर बघायला?"

बॉयलर उत्तम चाललाय. पण आनंदात होते, म्हटलं ये.

२८ ऑगस्ट

डेरेकला मुलगी झाली. नाव मार्गारेट ठेवणार म्हणतो, हा सगळा नसरीनचा उपद्व्याप. डॅडना सांगितलं. "हं," म्हणाले. कोशाबद्दल काही बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला. नंबर बघायला वही काढली नाही, पाठ होता. कसा आहेस वगैरे काही नाही.

"बाहेर जात होता," म्हणाले.

मी चहा ठेवला. निवला, परत तापवला. डॅडनी खुर्ची ओढून घेतली होती आणि टेबलावर मिठाची नि मिरपुडीची बाटली शेजारी शेजारी मांडली होती, जणू फोनमधून दिसणारच होतं. "ही तुझी मधली. हा चमचा म्हणजे माझा पाय. आता चेंडू कुठून येतो सांग. नाही, नाही, तिथून नाही. अरे, तुला कळत नाही का?"

पलीकडून स्टुअर्ट काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

"मग ये की इकडे," डॅड म्हणाले. "समोर दाखवतो. बेथलाही आण, ती तरी निःपक्षपाती आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि टेबलाकडे बघत बसले. मी कपाटातून मोहरीची बाटली काढून दिली. एक यष्टी कमी होती.